अर्धी झडती

माझ्या नवऱ्याचा आवाज मी भोंग्यावरून पहिल्यांदा ऐकला तेव्हा सुई फुलात न जाता माझ्या अंगठ्यात गेली.

आमच्या गावाजवळच्या तेल्हाऱ्यात, बसस्टँडसमोर आमचं हारांचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री आणि खाली पाण्याने भिजवलेलं गोणपाट. मी ओवते, आणि माझा नवरा गोवर्धन फुलांवर पाणी शिंपडत गिऱ्हाईक बघतो. त्या सकाळी सरकारच्या योजनांचा प्रचार करणारा एक ऑटो वळणावरून आला. मागे मंत्रीसाहेबांचा हात जोडलेला फोटो, वर भोंगा. आणि भोंग्यातून गोवर्धन बोलत होता:

नवी नवी पाइपलाइन, नवी नवी तोटी,
राजा आमचा दिलदार, छाती त्याची मोठी.
मायमाउल्या हासल्या, हंडा ठेवला खाली,
धन्य धन्य सरकार, गंगा दारी आली.

मग ढोल-ताशा, आणि एका बाईचा गोड गोड आवाज: "हा आहे जनतेचा आवाज." ऑटो पुढे गेला, तहसीलकडे वळला, तिथे पुन्हा गोवर्धन सुरू झाला.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या हातातला मग कलंडला होता आणि सगळं पाणी त्याच्याच मांडीवर सांडत होतं, तरी त्याला पत्ता नव्हता. आवाज त्याचा होता, शब्दही त्याचेच होते. पण एवढं बोलून तो जन्मात थांबला नव्हता. शेजारचा चहावाला गाळणी हातात धरून आमच्याकडे बघत राहिला.

"गोवर्धनभौ," तो म्हणाला, "तुमी कधी गेले त्याईच्यात?"

मी अंगठा तोंडात घातला. रक्त खारट लागलं, आमच्या गावच्या पाण्यासारखं.

आता पोळ्याची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हा धक्का काय होता ते कळणार नाही. आमच्या वऱ्हाडात पोळ्याला बैल सजवून तोरणाखाली उभे करतात, आणि तोरण तुटून पोळा फुटायच्या आधी झडत्या होतात. झडती म्हणजे यमकात केलेली खरडपट्टी. सरपंचापासून मुंबईच्या सरकारपर्यंत ज्याची करायची त्याची करावी. शेवटी 'एक नमन गौरा पार्बती, हर बोला हर हर महादेव' म्हटलं की हिशेब मिटला. झडतीचा राग धरायचा नाही, हा आमचा कायदा. कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच बहुतेक आजवर कोणी मोडलेला नाही.

आमच्या गावची झडती गोवर्धनची. तिची एक रीत आहे: आधी चढवायचं, मग पाडायचं. पहिल्या चार ओळींत माणसाला असं हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं की त्याला वाटावं आपला सत्कारच चाललाय. मग थांबायचं. त्या थांबण्याला आमच्याकडे दम म्हणतात. दमात सगळा पोळा गप्प होतो, बैलांच्या गळ्यातल्या घागऱ्या तेवढ्या वाजतात. आणि मग पाडायचं. पाडतानाच्या ओळींची शेवटची टोकं सगळं गाव ओरडून म्हणतं. त्याला झेलणं म्हणतात. गोवर्धनच्या लहानपणाचे मित्र डोमाजीभाऊ, एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. ते बौद्ध, महादेवाचं नाव घेत नाहीत, पण झडती झेलायला सगळ्यांच्या पुढे.

यंदाच्या पोळ्याला गोवर्धनने चढवलं ते वर सांगितलंच. दमानंतर पाडलं ते असं:

तोटी फिरवली डावी-उजवी, निघाली नुसती हवा,
हवा पिऊन जगावं कसं, येवढं आमाले दावा.
फोटो तुमचा टाकीवर, टाकी आतून कोरडी,
वरसोवरसी ओरडून आमची बसली नरडी.

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढंच काय ते पाणी. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो, केसांना साबण लावला तर फेस येत नाही. मी मोर्शीकडच्या गोड पाण्यात वाढलेली, संत्र्याच्या बागांतली. लग्न होऊन आले तेव्हा पहिला घोट थुंकला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, "थुकू नको माय साधना, हेच गिळा लागते." टाकी बांधून झाली, घरोघरी तोट्या बसल्या, उद्घाटन झालं, पेढे वाटले. टाकीला मुख्य जलवाहिनीची जोडणी तेवढी झाली नाही. प्यायचं पाणी आम्ही बायका अजून शेजारच्या गावच्या कमी खाऱ्या विहिरीवरून आणतो. पोळ्यानंतर तर आम्हाला चालायला गाणंच मिळालं. हंडा डोक्यावर चढला की मी म्हणायची 'तोटी फिरवली डावी-उजवी', आणि मागून डोमाजीभाऊंची बायको इंदूबाई आणि बाकीच्या झेलायच्या 'निघाली नुसती हवा'. पावलं भराभर पडतात त्याने.

मला धाक होता तो वेगळाच. मी गोवर्धनला म्हटलं होतं, "सरकारले तोंडावर बोलता, कोनी धरून नेलं म्हंजे?" तो म्हणाला होता, "नेलं तं नेलं. तिथं तरी गोड पानी भेटन." दारात कोणी खाकी कपड्यांतला दिसला की मी पुढे होऊन दार अडवायची, मग तो वायरमन निघायचा. शिव्या खायची, नोटीस घ्यायची आमची तयारी होती. सरकार आमची झडती उचलून स्वतःच्या गळ्यात हारासारखी घालेल, हे कोणाच्या बापाला सुचलं नसतं.

पोळ्यात मोबाईल वर धरून झडती रेकॉर्ड करत उभा होता तो ललित. आमच्याच गावचा, आता पक्षाचा तालुक्याचा पदाधिकारी. तेल्हाऱ्यात त्याचं ऑफिस आहे. दुकान तसंच टाकून आम्ही तिकडे गेलो. ललित उठला, गोवर्धनच्या पाया पडला, माझ्या पडला, चहा सांगितला. चहा गोड पाण्याचा होता, त्याचाही मला राग आला.

"काका, तुमी रागावले काय?" तो म्हणाला. "एक शब्द तरी आमी आपल्या पदरचा घातला काय? सांगा."

"घातला नाई," गोवर्धन म्हणाला. "काढला."

"काढनं म्हंजे काई खोटं बोलनं नाई, काका."

मी बघतच राहिले. ह्या पोराला मी अंगणात नागडं खेळताना पाहिलंय. तो हे इतकं सरळ तोंडाने बोलला की खरंच खोटं नाही की काय असं मला क्षणभर वाटलं.

मग त्याने मुद्द्याचं काढलं. मंत्रीसाहेबांना आवाज फार आवडला होता. रविवारी अकोल्याला मेळावा होता. तिथे गोवर्धनचा सत्कार होणार, आणि गोवर्धनने स्टेजवरून झडती म्हणायची. भोंग्यावर आहे तेवढीच. "टाकीची जोडनी रखडली हाये, ते मी सायबाच्या कानावर घातलं," ललित म्हणाला. "तुमची झडती झाली का ते तिथंच जाहीर करतीन. त्याच दिवशी पानी सोडाची तयारी हाये."

"आन म्हनली नाई तं?"

"तं काई नाई, काका." ललितने माझ्यापुढे बिस्किटाची बशी सरकवली. "टाकी हाये तिथंच हाये."

गावात शिरेपर्यंत ऑटोची बातमी आमच्या आधी पोचली होती. पारावरचे लोक आम्हाला बघून बोलायचे थांबले. गोवर्धनची मान खाली गेली. अख्ख्या पंचक्रोशीत ज्याची जीभ कोणी विकत घेऊ शकलं नाही असं म्हणायचे, तो माणूस आपल्याच गल्लीतून चोरासारखा चालत होता. मला वाटलं, आता गाव घरी येणार आणि ह्याला फाडून खाणार. मी पदर खोचून तयार बसले. जो पहिला बोलेल त्याला मी असं बोलणार होते की त्याच्या सात पिढ्या आठवण काढतील.

दिवेलागणीला गाव आलंच. डोमाजीभाऊ पुढे, इंदूबाई, बचत गटाच्या बायका, अंगण भरलं. गोवर्धन उठून उभा राहिला आणि कोणी काही विचारायच्या आधीच सांगू लागला की आपण विकलो गेलो नाही, ललितने अर्धी कापली, मेळाव्याला बोलावलंय, आपण जाणार नाही.

"ललित आमाले सांगून गेला सारं," डोमाजीभाऊ म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "गोवर्धन, तू जाय. अर्धीच म्हन."

मी खोचलेला पदर हातात धरून तशीच राहिले.

"काय म्हनला तू?" गोवर्धन म्हणाला.

"अर्धी म्हन. बाकीची आमाले पाठ हाये, ते कुठी जात नाई. अकोल्याच्या लोकाईले ते कायले मालूम पाह्यजे?"

"अरे, तुमीच झेलली ना थे? तुमचीच झडती हाये."

"मंग आमचीच हाये तं आमीच म्हनतो, अर्धी म्हन," इंदूबाई पुढे झाली. तिने खांद्यावरचा पदर बाजूला केला. मानेपासून खांद्यापर्यंत हंड्याच्या भाराने सुजलेलं होतं. "हे पाह्य. डॉक्टर म्हनते वजन उचलू नका. मी काय उचलू नको, सांग. तुया झडतीनं हसू आलं, भाऊ. पानी नाई आलं."

कोणी शिवी दिली असती तर गोवर्धनने परत दिली असती. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला. ज्या तोंडांनी पोळ्यात 'नुसती हवा' असा आकाश फाटेस्तोवर गजर केला होता, ती सगळी तोंडं आता जमिनीकडे बघत होती. शेवटी त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल, सगळं गाव फिरलं तरी ही फिरणार नाही.

मी म्हटलं, "म्हना अर्धी. यमकं तुमी जुळवता, हंडे मी वायतो."

"बरं," तो म्हणाला.

एवढंच. भांडला असता तर बरं झालं असतं. तो जेवला, हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. मी तीस वर्षं त्याच्या जिभेपायी जीव मुठीत धरून राहिले होते, आणि आता ती गप्प झाली तर मला घरात करमेना.

रविवारी ललितने दोन गाड्या पाठवल्या. सासूबाई पाय दुखतात म्हणून घरी राहिल्या. साहेबांसाठी मोठ्या हाराची ऑर्डरही ललितने आम्हालाच दिली होती. अमरावतीच्या बाजारातून पांढरी शेवंती मागवून मीच तो ओवला. हाराला पक्ष नसतो असं मी नेहमी म्हणते. तो हार ओवताना मात्र म्हटलं नाही.

अकोल्याचा तो हॉल थंडगार होता. आमच्या बायकांना पुढच्या रांगांत बसवलं, कॅमेऱ्यात चांगलं दिसतं म्हणून. मंत्रीसाहेब वाईट वाटले नाहीत, तेही सांगते. हसतमुख, मऊ बोलणारे. भाषणं झाली. प्रत्येक वक्त्याने सांगितलं की राज्यात असं नेतृत्व पूर्वी झालं नाही. मग गोवर्धनला शाल-श्रीफळ दिलं आणि माईकसमोर उभं केलं. साहेब स्वतः म्हणाले, "काका, होऊन जाऊ द्या."

गोवर्धनने सुरुवात केली. आवाज खणखणीत होता, पण डोळे कुठेच बघत नव्हते. पाइपलाइन, तोटी, दिलदार राजा. हॉल खूश झाला. 'गंगा दारी आली' म्हणून तो थांबला. खरं तर थांबायचं नव्हतं. तिथून थेट 'एक नमन' म्हणायचं असं ललितने त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. पण जन्मभराची सवय. तिथे दम आपोआप आला.

हॉल गप्प झाला. साहेबांनी टाळ्या वाजवायला दोन्ही हात उचलले होते. इंदूबाई माझ्या शेजारी पदर घट्ट धरून बसली होती.

"तोटी फिरवली डावी-उजवी," एक बाई मोठ्याने म्हणाली.

कोण ही मेली, म्हणून मी मान वळवली, तर सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. तो आवाज माझा होता. देवाशपथ सांगते, मी ठरवलं नव्हतं. मी पाण्यासाठी आले होते, नवऱ्याचं तोंड मीच बंद केलं होतं, आणि माझंच तोंड हंडा डोक्यावर असल्यासारखं आपोआप चाललं होतं.

मी दोन्ही हात तोंडावर दाबले. उशीर झाला होता. शेजारी इंदूबाई, जिने सुजलेला खांदा दाखवला होता तीच, डोळे विस्फारून म्हणत होती, "निघाली नुसती हवा." आणि तिच्या मागून आमच्या सगळ्या रांगा. कोणाचं तोंड कोणाच्या ताब्यात नव्हतं. डोमाजीभाऊ उभे राहिले होते आणि आपण उभे का राहिलो हे त्यांनाच कळत नव्हतं.

साहेबांचे हात तसेच हवेत राहिले. ललित माईकवाल्याकडे धावला आणि माईक बंद झाला. गोवर्धन आमच्याकडे आ वासून बघत होता. मग तो माईक सोडून स्टेजच्या कडेला आला आणि तसाच, नुसत्या गळ्याने म्हणाला, "फोटो तुमचा टाकीवर." आम्ही म्हटलं, "टाकी आतून कोरडी." ही ओळ झेलताना मागच्या खुर्च्यांवरचे अनोळखी लोकही हसायला लागले. "एक नमन गौरा पार्बती," गोवर्धन म्हणाला, आणि ज्यांना आमचं गाव नकाशात सापडणार नाही त्यांनीसुद्धा आरोळी दिली.

नंतर एक कार्यकर्ता फक्त दार उघडून उभा राहिला. बाहेर आलो तर दोन्ही गाड्या गेल्या होत्या.

एसटीत सगळे सुतकात असल्यासारखे बसले. आपण काय करून बसलो ह्याचा धक्का आता एकेकाला बसत होता. इंदूबाई म्हणाली, "मी कावून बोलली वो?"

"सुरुवात मी केली," मी म्हटलं. मला वाटलं, आता ती मला खाणार. तिचा हक्क होता. ती खांदा चोळत म्हणाली, "मंग उद्या लवकर निघा लागन पान्याले. तू हाक मारजो."

तेव्हा मला रडू फुटलं. गोवर्धन पुढच्या सीटवर होता, तो वळला. इतक्या दिवसांनी त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

"कायले रडतं?"

"पानी गेलं ना आपल्या हातचं."

"होतं कुठी?" तो म्हणाला.

घरी पोचलो आणि दारातच पाय थबकले. सासूबाईंनी घरातलं एकूण एक भांडं अंगणात आणून तोटीसमोर रांगेने मांडलं होतं. हंडे, कळशा, बादल्या, परात, देवाचा तांब्यासुद्धा. रविवारी पाणी सोडणार असं ललित सांगून गेला होता, आणि त्यांच्यापर्यंत पुढचं काहीच पोचलं नव्हतं. त्या पहिल्या हंड्याला टेकून बसल्या होत्या.

"झाली काय रे झडती?" त्यांनी विचारलं.

"झाली," गोवर्धन म्हणाला. "पुरी झाली."

"मंग सोड ना वो साधना पानी. दुपारची बसली मी."

मी जाऊन तोटी फिरवली. आतून फुस्स झालं, थोडा गंज उडाला आणि थांबलं. सासूबाईंनी कान तोटीजवळ नेला, ऐकलं, आणि हळूच मागे होऊन आमच्याकडे पाहिलं.

"माय," त्या म्हणाल्या, "हे तं अजून तेच म्हनून राह्यली."

मग त्यांनी देवाचा तांब्या उचलला, पदराने पुसला आणि आत नेऊन ठेवला. बाकीची भांडी मी उचलली.